उसन्या आयडीने केलेली दुरुस्ती

मंडईच्या जत्रेच्या दिवशी तू घरी आलास, पाया पडलास, सपरीत बसून फराळ केलास. चार लोक होते, तुझी आई होती, म्हणून मी गप्प राहिलो. विद्यार्थ्याला चारचौघांत बोलायचं नाही, हे मी आयुष्यभर पाळत आलोय. पण तू पुण्याची गाडी धरलीस आणि मला दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून आता लिहितो. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यातून फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तू काय सांगितलंस ते आधी तुझ्याच पुढ्यात मांडतो, म्हणजे 'सर, मी तसं म्हटलंच नव्हतं' ही पळवाट उरणार नाही. कंपनीने तीन महिन्यांपूर्वी तुमच्या मेनफ्रेम टीमची निदानाची साधनं बंद केली. प्रॉडक्शनवरच्या फाइली उघडायचं फाइल-एड काढून घेतलं, आयपीसीएसमध्ये डम्प उघडायची परवानगी गेली, चालू व्यवहार हाताळणाऱ्या सीआयसीएसमधले सीईसीआय आणि सीईडीएफ गेले, एसडीएसएफमध्ये फक्त स्वतःच्या टीमचे जॉब दिसू लागले. तुला राग आला. 'सर, डॉक्टरच्या हातून स्टेथोस्कोप काढून घेतला आणि म्हणतात पेशंट बरा करा,' असं तू म्हणालास, आणि सपरीतले सगळे हसले. मग तू त्या रात्रीची गोष्ट सांगितलीस. बॅचमधला जॉब एस-झीरो-सी-सेव्हनची चूक दाखवून पडला. आणीबाणीचा फायरकॉल आयडी मागवायचा तर सिक्युरिटीवाल्याला उठवा, तिकीट काढा, मंजुरीची वाट बघा. तू वाट बघितली नाहीस. तुझ्या सीनियरचा आयडी आणि पासवर्ड तुला माहीत होता. त्याच्या नावाने आत शिरलास, फाइल उघडलीस, बिघडलेलं रेकॉर्ड शोधलंस, रिकाम्या जागेवर शून्य भरलंस, जॉब पुन्हा सुरू केलास. सकाळी शाबासकीचा मेल आला. आणि वर, त्या रेकॉर्डमधल्या बाईचं नाव काय होतं, ती कुठल्या शहरात राहते, तिचे किती हप्ते थकलेत, हेही तू चिवडा खाता खाता सांगितलंस.

तुझी आई अभिमानाने माझ्याकडे बघून म्हणाली, 'सर, पोरगा मोठा झाला जी.' मी मान हलवली. ती मान मी खोटी हलवली, आणि त्याचा राग मला तुझ्यावर आहे.

सगळ्यात आधी ती बाई. तुम्ही ज्या बँकेचं काम करता तिची ती ग्राहक, हजारो मैलांवरच्या देशात राहते. तिला ठाऊकही नाही की भंडारा जिल्ह्यात नाकाडोंगरी नावाचं, जंगलाला लागून असलेलं एक गाव आहे आणि तिथल्या सहा-सात माणसांना आता तिची थकबाकी माहीत झाली आहे. तुमसरच्या कुठल्या बँकेतला कारकून उद्या बाजारात उभा राहून सांगू लागला की अमक्याच्या आईचं पीककर्ज थकलंय, धानाच्या चुकाऱ्याची रक्कम आली तशी कापून घेतली, तर तू काय करशील? त्याची कॉलर धरशील. आणि ती धरायचा तुला हक्क आहे. मग स्वतःची कॉलर कोणी धरायची? ते काम आज मी करतोय.

तिच्या माहितीबद्दल तुला वाटतं, तू फक्त बघितलंस. हाच शब्द तू वापरलास: 'फक्त रीड ॲक्सेस मागतोय सर, अपडेट नाही.' मी तुला रॅकएफ, मेनफ्रेमवर कोणाला काय उघडता येईल ते ठरवणारी प्रणाली, शिकवताना नन, एक्झिक्यूट, रीड, अपडेट, कंट्रोल, ऑल्टर अशी उतरंड फळ्यावर काढली होती. तू त्यातून एवढंच शिकलास की रीड ही खालची पायरी आहे, म्हणून किरकोळ आहे. डम्प म्हणजे काय ते तरी आठवतं का? जॉब पडल्या क्षणी मशीनच्या स्मृतीत जे जे होतं त्याची जशीच्या तशी प्रत. त्यात तुझ्या प्रोग्रॅमची चूक असते, तशीच त्या क्षणी प्रक्रियेत असलेल्या खातेदारांची नावं, खाते क्रमांक, शिल्लक असते. प्रोग्रॅमने त्या वेळी जे जे उघडून ठेवलं होतं ते ते असतं. फाइलवर जी माहिती झाकून ठेवलेली असते ती स्मृतीत उघडी पडलेली असू शकते. म्हणून डम्प उघडणं हे जॉब-लॉग उघडण्यासारखं नाही.

नुसत्या वाचण्याने काय होतं ते स्वीडनमध्ये दिसलं. 2012 मध्ये तिथल्या लॉजिका या कंपनीच्या मेनफ्रेममध्ये घुसखोरी झाल्याचं उघडकीला आलं. घुसणाऱ्यांनी रॅकएफची पासवर्डांची फाइल उतरवून घेतली आणि बाहेर बसून निवांतपणे पासवर्ड फोडले. त्या फाइलमधला एक बाइटही बदलावा लागला नाही, ती वाचता आली एवढं पुरलं. मेनफ्रेम अभेद्य असतो असं मानणाऱ्या सगळ्यांची त्या वर्षी झोप उडाली. तुझी अजून उडालेली नाही.

आता तुझ्या दुरुस्तीकडे येतो. इथे मी तुझा मास्तर म्हणून बोलतोय आणि इथे माझा राग सगळ्यात जास्त आहे, कारण हा धडा मी तुला स्वतः शिकवला होता. एस-झीरो-सी-सेव्हन कशाने येतो? जिथे पॅक्ड डेसिमल आकडा हवा तिथे आकडा नसलेलं काहीतरी आलं म्हणून. तुझ्या रेकॉर्डमध्ये तिथे स्पेसेस होत्या. तू त्या पुसून शून्य लिहिलंस. पोरा, रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! रिकामी जागा म्हणजे वरून कोणीतरी आकडा पाठवायला चुकलं. शून्य म्हणजे देणं काहीच नाही. मशीन कबूल करत होतं की मला माहीत नाही. तू त्याला सांगितलंस की माहीत आहे, काही नाही. त्या बाईचं व्याज असेल, दंड असेल, परतावा असेल, तो आकडा तू कोणालाही न विचारता ठरवून टाकलास. कदाचित तिचं नुकसान झालं, कदाचित बँकेचं. कोणाचं ते तुलाही सांगता येणार नाही, आणि ज्या प्रोग्रॅमने आकडा पाठवला नाही तो तसाच आहे. पुढच्या महिन्यात तो पुन्हा कोणाची तरी जागा रिकामी ठेवील.

आणि या निदानासाठी तुला तिचं रेकॉर्ड उघडायची गरजही नव्हती. जॉब-लॉगमध्ये छापून येणाऱ्या पीएसडब्ल्यूमधला, म्हणजे प्रोग्रॅम जिथे पडला तो, पत्ता घ्यायचा, ऑफसेट काढायचा, कंपाइल लिस्टिंग उघडून कुठलं वाक्य पडलं ते बघायचं. कुठलं फील्ड ते तिथेच कळतं. प्रोग्रॅम मोजणी छापत असेल तर कितवं रेकॉर्ड तेही कळतं. एवढं कळल्यावर फायरकॉलच्या तिकिटावर नेमकं लिहिता येतं: या फाइलमधलं अमुक क्रमांकाचं रेकॉर्ड, अमुक फील्ड, आकडा बिघडलेला, बँकेच्या माणसाने सांगावं काय भरायचं. वर्गात मी तुम्हाला डम्प कागदावर देत होतो, हेक्सचा आकडा न आकडा पेन्सिलीने मोजायला लावत होतो. तुम्ही कुरकुर करत होतात. ते मी तुम्हाला छळायला करत नव्हतो. साधन हातात नसताना डोकं चालावं म्हणून करत होतो. तुझं साधन काढून घेतल्यावर तुला काहीच येईनासं झालं, तर तक्रार कंपनीची करायची की स्वतःच्या अभ्यासाची, ते तूच ठरव.

तू स्टेथोस्कोपचं उदाहरण दिलंस. ते चूक आहे. स्टेथोस्कोप ऐकतो. तुझी साधनं ऐकतात, बघतात आणि हातही घालतात. सीईसीआयवर आज्ञा देऊन चालू सीआयसीएसमधल्या फाइलमधलं रेकॉर्ड बदलता येतं, प्रोग्रॅममधल्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवून. एसडीएसएफच्या आज्ञेच्या ओळीवर एक तिरपी रेघ मारून ऑपरेटरची आज्ञा देता येते. अधिकार मोकळे ठेवले तर ओमेगामॉनसारख्या निरीक्षणाच्या साधनातूनही स्मृतीला हात लावता येतो. निदान आणि शस्त्रक्रिया एकाच पेटीत असतात, म्हणून त्या पेटीला कुलूप असतं.

या पेटीतलं एक जुनं अवजार आयबीएमचं सुपरझॅप. प्रोग्रॅम किंवा डिस्कवरची माहिती थेट बदलायचं, नेहमीचे सगळे रस्ते बंद पडल्यावर वापरायचं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका बँकेत संगणक विभागाचा प्रमुख ते वापरत होता. चोरी करायला नव्हे! खात्यांची प्रणाली जुनी आणि चुकांनी भरलेली होती, दुरुस्तीचा रीतसर मार्ग नीट चालत नव्हता, म्हणून वरिष्ठांच्याच सांगण्यावरून तो सुपरझॅपने शिल्लक दुरुस्त करायचा. करता करता त्याच्या लक्षात आलं की असं केलं तर कुठेच नोंद राहत नाही. मग त्याने तीन मित्रांच्या खात्यांत पैसे वळवले. एकूण 1,28,000 डॉलर. बँकेच्या कुठल्याही यंत्रणेला ते कळलं नाही. एका खातेदाराला आपले पैसे कमी दिसले, त्याने तक्रार केली, तेव्हा भांडं फुटलं. गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी अशा चोरीला त्या अवजाराचंच नाव दिलं.

तू चोर आहेस असं मी म्हणत नाही. तू चोरी करणार नाहीस, हे मी तुझ्या आईइतक्याच खात्रीने सांगेन. पण तो माणूसही पहिल्या दिवशी चोर नव्हता. पहिल्या दिवशी तो तुझ्यासारखाच मदत करत होता, आणि त्यालाही कोणीतरी शाबासकी दिली असेल.

मीही एकदा असं केलंय. तरुण होतो, पगाराची रन अडली होती, महिनाअखेर होती. मी फाइल थेट दुरुस्त केली आणि रन पुढे ढकलली. कुठे लिहून ठेवलं नाही. पुढे काही कामगारांची भविष्य निर्वाह निधीची कपात जुळेना. माझी दुरुस्ती कोणालाच माहीत नव्हती, म्हणून सगळे नको तिथे शोधत राहिले आणि एका निरपराध पंच ऑपरेटरला बोलणी खावी लागली. मी कबूल केलं, पण उशिरा केलं. तिच्या चेहऱ्यावरचा तो अपमान मला अजून दिसतो. म्हणून मी तुझ्यावर हा अधिकार गाजवतोय.

आता उसन्या आयडीचं बोलू. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरण्याबद्दल आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुझा हेतू अप्रामाणिक नव्हता, मला मान्य. पण ते तू सिद्ध कशाने करणार? मशीन स्वतः ठेवतं त्या एसएमएफच्या नोंदीत तुझं नाव नाहीच. तिथे तुझ्या सीनियरचं नाव आहे. यंत्राच्या दृष्टीने त्या रात्री दोन वाजता त्याने ग्राहकाचं रेकॉर्ड बदललं, आणि तो तर घरी लेकराबाळांत झोपला होता. उद्या त्या शून्याची चौकशी निघाली तर पहिला हात त्याच्या खांद्यावर पडेल. ज्याने विश्वासाने पासवर्ड दिला त्यालाच तू पुढे उभं केलंस. त्याची चूक आहेच, पासवर्ड द्यायला नको होता, आणि हे पत्र त्यालाही दाखव. पण त्याचा पासवर्ड टाकताना तुला एकदाही त्याचं तोंड आठवलं नाही का?

बाहेरचा चोर नेमकी अशीच जागा शोधत असतो. पुण्यात राहतोस, कॉसमॉस बँकेवरून रोज जात असशील. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. दोन-सव्वादोन तासांत 28 देशांतल्या एटीएममधून या बँकेचे पैसे निघाले, आणि 13 तारखेला आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला होता, आणि पैसे द्यायचे का या प्रश्नाला बँकेऐवजी तोच 'हो' म्हणत राहिला. यंत्र माणसाचा चेहरा ओळखत नाही. आतून आलेल्या शब्दावर विश्वास ठेवतं. तुमच्या टीममध्ये दोघांचा एक पासवर्ड चालतो, तेव्हा आतून आलेला शब्द कोणाचा हे सांगायची सोय तुम्हीच मोडून टाकता.

तू म्हणशील, उशीर झाला असता. झाला असता. जास्तीत जास्त बॅच लांबली असती. घाईची किंमत जून 2012 मध्ये ब्रिटनमध्ये मोजली गेली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये बॅच लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली, ती अडखळली, म्हणून काढून जुनी परत लावली, आणि रात्रीच्या जॉबांची साखळी तुटली. नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँकेसह 65 लाख ग्राहक अडकले. पगार दिसेना, घराचे हप्ते जाईनात. दोन वर्षांनी नियामकांनी 5 कोटी 60 लाख पौंड दंड केला. तिथे कोणी चोर नव्हता. अधिकार असलेली, शिकलेली माणसं होती, आणि तरी एवढं झालं. तुझ्याकडे तर अधिकारही नव्हता.

आता तुझ्या घराकडे बघ. तुझे बाबा डोंगरी बुजुर्गच्या खाणीत राबले. इतकी वर्षं त्या खाणीत काढली, दगड बघून सांगायचे कुठे फुटेल. पण बारूदखान्याची किल्ली त्यांच्याकडे कधी नव्हती. सुरुंग लावायचा तो प्रमाणपत्रवाला ब्लास्टर. बारूद किती निघालं, किती वापरलं, किती परत आलं, ते रजिस्टरवर चढायचं. सायरन वाजला की तुझे बाबा बाजूला जाऊन उभे राहायचे, आणि त्यात त्यांना कधी अपमान वाटला नाही. त्यांनी कधी घरी येऊन म्हटलं का, मी एवढा अनुभवी आणि मला किल्ली देत नाहीत? त्यांना माहीत होतं की किल्ली न मिळणं म्हणजे अविश्वास नव्हे. चुकलं तर खाली आणखी माणसं आहेत, म्हणून किल्ली एका हातात आणि हिशेब वहीत. तू त्यांचा मुलगा आहेस आणि तुला तीन महिन्यांत अपमान वाटला.

तुझ्या मॅनेजरलाही माझं म्हणणं पोचव, कारण दोष एकट्या तुझा नाही. साधनं बंद करणं योग्य आहे, पण बंद करून मोकळं होणं योग्य नाही. रात्री दोनला जॉब पडतो आणि मंजुरी देणारा फोन उचलत नाही, तिथे पासवर्ड उसने मागितले जाणारच. फायरकॉल आयडी पंधरा मिनिटांत मिळाला पाहिजे, काम संपलं की आपोआप बंद झाला पाहिजे, त्यावरची प्रत्येक हालचाल सकाळी दुसऱ्या कोणीतरी वाचली पाहिजे. नावं आणि खाते क्रमांक झाकलेली माहिती टेस्टवर ठेवा, म्हणजे पोरं तिथे शिकतील. एसडीएसएफमध्ये स्वतःच्या जॉबचा लॉग वाचायला कोणाला अडवू नका, तो वाचता आला नाही तर निदान होणार कसं? आणि कायमचा कर्मचारी म्हणून सगळं उघडं, कंत्राटी म्हणून सगळं बंद, असा भेद करू नका. काम काय आहे ते बघा, त्या कामापुरतं द्या, काम बदललं की काढून घ्या. टीम बदलून गेलेल्या माणसाचे जुने अधिकार वर्षानुवर्षं तसेच राहतात, ते आधी तपासा. हे न करणारा मॅनेजर तुझ्याइतकाच माझ्या रागाचा धनी आहे.

पण त्याची चूक ही तुझी सबब नाही. मंजुरीला उशीर लागतो, तर उशीर लागला असं तिकिटावर लिही. वेळ टाक, नाव टाक, दहा वेळा लिही. दहा लेखी तिकिटं वरच्याला हलवतात. उसन्या पासवर्डने जॉब चालवलास तर वरच्याला वाटतं की व्यवस्था छान चालली आहे. तुझ्या त्या शाबासकीने फायरकॉलची दुरुस्ती आणखी लांबली, एवढंही तुला दिसलं नाही.

तू नाकाडोंगरीहून पहाटेची गाडी धरून तुमसरला जायचास, तिथून नागपूरला माझ्या वर्गात. डबा आईच्या हातचा, वही वर्गात सगळ्यात नीट. मी तुझ्यावर मेहनत घेतली ती तू कोबॉल छान लिहितोस म्हणून नव्हे. अनोळखी माणसाचा पैसा तुझ्या हातात सुरक्षित राहील, असं मला वाटलं म्हणून. त्यात मी चुकलो असं मला वाटू देऊ नकोस.

सोमवारी ऑफिसला गेलास की दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी हे कर. सीनियरला पासवर्ड बदलायला लाव, तुझ्यासमोर. मग मॅनेजरला आणि सिक्युरिटीला एकाच मेलमध्ये लिही: कोणती रात्र, कोणाचा आयडी, कोणती फाइल, कितवं रेकॉर्ड, आधी काय होतं, तू काय भरलंस. कारण देत बसू नकोस, नुसतं काय केलं ते लिही. ते रेकॉर्ड बँकेच्या माणसाकडून तपासून घे आणि त्या बाईचा आकडा दुरुस्त होईपर्यंत तिकीट बंद होऊ देऊ नकोस. शिक्षा झाली तर घे. नोकरी गेली तर गावी ये, माझं घर आहे. इथे सपरीत जे बसले होते त्यांना मी सांगीन की ऐकलं ते विसरा, पण तू स्वतः आईला फोन करून सांग की त्या रात्री तू जे केलंस ते चूक होतं.

मेल पाठवलास की मला फोन कर. रात्री दहापर्यंत मी जागा असतो.